बचत एकदाच मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या किनाऱ्यावरच्या शहराच्या हवामान आराखड्यातले खर्च-बचतीचे कोष्टक परवा हाती आले. उभा जन्म जमाखर्च लिहिण्यात गेल्यामुळे नजर आधी बेरजेवर जाते. बेरीज बरोबर आहे, हिशेब चुकलाय.

पाणीपुरवठ्याचेच बघा. नगरपरिषदेच्या वीजबिलात पंपांचा वाटा मोठा. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला साधारण अर्धा युनिट लागतो, म्हणजे रोज दहा लाख लिटर गळत असेल तर पाचशे युनिट गटारात. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाचे साडेचौदा लाख. गळती काढणे हे सगळ्यात स्वस्त काम, पण त्याची फीत कापता येत नाही.

कोष्टकात गळती, नवे पंप आणि सौर पॅनेल या तिघांची बचत वेगवेगळी काढून तिची बेरीज केली आहे, आणि प्रत्येक वेळी जुनेच बिल धरले आहे. समजा बिल १०० रुपये. गळती थांबवून २० टक्के, चांगल्या पंपांनी २५ टक्के, सौरऊर्जेने ५० टक्के वाचणार. कोष्टकाप्रमाणे ९५ रुपये वाचले. प्रत्यक्षात १०० चे ८०, ८० चे ६०, ६० चे ३० होतात, वाचतात ७०. शिवाय पॅनेल आधी घेतली, तर ३० रुपयांची वीज पुरली असती तिथे ५० रुपयांच्या विजेइतकी पॅनेल गळ्यात पडतात. कामाचा क्रम चुकला की खर्चही वाढतो.

एक किलोवॉटच्या सौर पॅनेलमधून दिवसाला चार युनिट वीज मिळते हा कोष्टकातला आकडाही घाटावरून जसाच्या तसा उतरवलेला दिसतो. आमच्याकडे मृगापासून हस्तापर्यंत आभाळ धड उघडत नाही. खारा वारा दोन पावसाळ्यांत नटबोल्ट खातो, हे इथल्या कुठल्याही होडीवाल्याला विचारा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे घरांचे पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. पॅनेलचा सांगाडा तसल्या वाऱ्याला टिकायचा तर तो महाग पडणारच. देखभाल-दुरुस्तीच्या रकान्यात मात्र शून्य!

उलट, नदीतला गाळ काढणे आणि नाले मोकळे करणे यांपुढे नुसता खर्च आहे, बचत काही नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा दुकानदारांचा भिजलेला माल कुठल्या लेखाशीर्षात लिहिला गेला? नुकसान नागरिकांच्या वहीत आणि खर्च नगरपरिषदेच्या, म्हणून अशी कामे कायम तोट्याची दिसतात.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा आणला. तिच्याकडे माणसे आहेत, सल्लागार आहेत. आमच्यासारख्या गावाला एवढा थाट नको. कोष्टक सर्वसाधारण सभेपुढे जाण्याआधी मागच्या तीन वर्षांची पंपांची वीजबिले आणि पाण्याच्या मीटरच्या नोंदी शेजारी ठेवून ते पुन्हा मांडावे. कागद कार्यालयातल्या कपाटातच असणार. बेरजेला माणूस कमी पडला तर मी येतो, चहासुद्धा नको.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, जि. रत्नागिरी