गोधडीची ओळख कापडात आणि टाक्यात

महोदय,

थंडीची चाहूल लागली की प्रदर्शनांत आणि दुकानांत ‘पारंपरिक गोधडी’ या नावाखाली जे विकायला येते, त्यातला बराचसा माल कोऱ्या छापील कापडाचा, आत पॉलिएस्टरचा फुगीर थर भरलेला आणि यंत्रावर शिवलेला असतो. असे पांघरूण विकण्याला माझी हरकत नाही. परंतु कापड आणि टाका बदलला की गोधडीचा सगळा स्वभावच बदलतो आणि गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सासूबाई गेल्यानंतर त्यांची चार सुती नऊवारी लुगडी, ज्यांत एक काळी चंद्रकळाही होती, मी एका दुकानात गोधडी शिवायला दिली. शिलाई हाताची असेल असे ठरले होते. हातात आली ती मात्र यंत्रावर शिवलेली, आत कृत्रिम थर आणि कडेला चकचकीत सॅटिनची पट्टी असलेली गोधडी. ती दिसायला नीटनेटकी आहे, पण कुशीवर वळले की अंगावरून सरकते आणि कितीही वेळ पांघरली तरी आपलीशी वाटत नाही. जी चंद्रकळा धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झाली होती, तिच्यावर शिवणीचे सरळ, कडक चर उमटले आणि दोन ठिकाणी तर शिवणीलगतच कापड विरले. दुसरी लुगडी आता आणायची कुठून, याचे दुःख मला आजही आहे.

माझ्या आईच्या हातची गोधडी शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो. आई ओटीवर लुगडे अंथरून त्यावर जुन्या धोतरांचे थर लावी, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवी आणि कडेने धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी आत आत येई. हाताचा धावदोरा कापडाला किंचित ओढून घेतो, त्यामुळे दोन ओळींच्या मधे बारीक सुरकुत्या उठतात, त्यांत हवा राहते आणि गोधडी अंगाला बिलगते. टाके दाट घातले तर ती जड, भरीव आणि टिकाऊ होते; विरळ घातले तर हलकी आणि सैल राहते, पण धुताना आतले थर गोळा होतात. काळ्या लुगड्यावर पांढरा दोरा घातला की टाके तांदळाच्या दाण्यांसारखे उठून दिसतात आणि नजर फेरीफेरीने मध्याकडे जाते. तोच दोरा कापडाच्या रंगाचा घेतला तर टाका लपतो आणि सगळी गोधडी शांत वाटते. आई मधोमध लाल खणाचा एक चौकोन लावीत असे. तेवढ्या एका तुकड्याने करड्या, विटक्या धोतरांनाही सणाची कळा येई.

बाळाच्या दुपट्याला जुनेच कापड का लागते, हेही यावरून समजते. अनेकदा धुतलेल्या सुताची खळ गेलेली असते, ते घाम टिपते आणि नाजूक कातडीला बोचत नाही. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि शेजारच्या जुन्या तुकड्याला ओढून घेते. पॉलिएस्टरची साडी तर घाम जवळजवळ टिपतच नाही.

हा विचार आपल्यापुरता नाही. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रिया आपली ‘कवंदी’, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेकडून आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुले लावतात. त्यांच्या भडक रंगांच्या तुकड्यांनी ती उत्सवी दिसते. बंगालमधील कांथा जुन्या, फिकट साड्यांवर, पुष्कळदा साडीच्या काठातून उसवलेल्या दोऱ्यांनी शिवला जाई. धावदोरा दोन्हीकडे तोच, पण कापड आणि रंग निराळे असल्याने दोन्ही अगदी वेगळ्या वाटतात.

म्हणून विक्रेत्यांना आणि प्रदर्शनांच्या आयोजकांना माझी विनंती आहे की प्रत्येक गोधडीवर एक साधी चिठ्ठी लावावी: वरचे कापड सुती की कृत्रिम, जुने की कोरे, आत काय भरले आहे आणि शिलाई हाताची की यंत्राची. ही चिठ्ठी असेल तर हाताने दाट टाके घालणाऱ्या बाईला तिच्या दिवसांचे दाम मागता येतील. आज तिची गोधडी यंत्राच्या गोधडीशेजारी ठेवली जाते आणि भावही यंत्राच्या गोधडीइतकाच पाडला जातो. वाचकांनीही घरातली जुनी सुती लुगडी एका पातेल्यासाठी बोहारणीला देण्याआधी गोधडी शिवणारी एखादी बाई जवळपास आहे का, याची चौकशी करावी आणि तिला कापड देताना दोरा कोणता आणि टाका किती दाट, हे समोर बसून ठरवावे. मी ते ठरवले नाही, ही चूक माझीही होती.

– एक वाचक, सातारा