'भावपूर्ण' श्रद्धांजली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या चौकात एका शेजाऱ्यांच्या निधनाचा फलक लागला. त्यावर ठळक अक्षरांत होते : 'भावपूर्ण' श्रद्धांजली. फलक लावणाऱ्या मुलांचे डोळे मी स्मशानात पाहिले होते, त्यांचे दुःख खरे होते. पण त्या दोन चिन्हांनी 'म्हणे भावपूर्ण' असा अर्थ झाला आणि मला फार वाईट वाटले.

मी पस्तीस वर्षे छापखान्यात मुद्रिते (प्रुफे) तपासली. हा घोटाळा शाळेत शिकलेल्या एका ओळीतून होतो : 'शब्दावर जोर द्यायचा असल्यास एकेरी अवतरण वापरावे.' इथे जोर म्हणजे ठासून सांगणे नव्हे. ज्या शब्दाविषयी बोलायचे तो वेगळा काढून दाखवणे, एवढेच. "'पाणी' हे नाम आहे" या वाक्यात ते हवेच. "शुद्ध" तूप लिहिले की मात्र गिऱ्हाइकाला शंका येते. ठासून सांगायला मराठीत 'च' आहे. 'मीच गेलो' म्हटल्यावर आणखी कोणती खूण लागते?

नियतकालिकाच्या नावाला एकेरी अवतरण द्यावे आणि प्रत्यय त्याला चिकटून लिहावा. १८८१ साली याच पुण्यात निघालेल्या वृत्तपत्राविषयी लिहिताना 'केसरी'त असे हवे. 'केसरी' त असे तोडले की तो 'त' पोरका होतो. कंसाचे सोपे आहे : आतला मजकूर गाळून वाक्य वाचावे, अडखळले तर कंस चुकला.

ही चिन्हे एकोणिसाव्या शतकातले मराठीचे इंग्रज अभ्यासक मेजर कँडी यांनी इंग्रजीवरून मराठीत आणली आणि ती आपल्या लिपीत छान रुळली. तिरपा टाइप तसा रुळलेला नाही. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डुस मानुशियस या मुद्रकाने त्या टाइपात अख्खे पुस्तक छापले, ते तिथल्या लेखनिकांच्या हस्ताक्षरावरून. त्या अक्षरांना स्वतःचे वळण होते. देवनागरीत बहुतेक वेळा संगणक सरळ अक्षरच कलंडवतो. शिरोरेषा आडवी राहते आणि तिला लटकलेले काने तेवढे एका बाजूला झुकतात. आमच्या छापखान्यात खिळे (शिशाची सुटी अक्षरे) जुळवायचे तेव्हा देवनागरीचा तिरपा खिळाच नव्हता. वेगळेपण दाखवायला ठळक टाइप घ्यायचो, नाहीतर एकेरी अवतरण, आणि कधी काही अडले नाही.

आपल्या रविवार पुरवणीत छायाचित्रांखालच्या ओळी बारीक तिरप्या टाइपात असतात. माझ्या वयाच्या वाचकांना त्या भिंग घेऊनही लागत नाहीत. त्या सरळ टाइपात द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
नारायण पेठ, पुणे