क्लाराचा ट्रिओ ऐक

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालीस, ‘आता फक्त वाजवणार, स्वतःचं काही रचणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.’ फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

नोव्हेंबर १८३९ मध्ये जर्मन पियानोवादक क्लारा वीकनं, म्हणजे पुढच्या क्लारा शुमाननं, रोजनिशीत जवळजवळ हेच लिहिलं होतं. आपल्या अंगी प्रतिभा आहे असं पूर्वी वाटायचं, आता तो विचार सोडला. बाईनं रचना करण्याची हौस धरू नये, आजवर एकीलाही ते जमलेलं नाही, मग मलाच कसं जमेल, असा त्याचा आशय. ती तेव्हा वीस वर्षांची होती.

आणि हे लिहिणारी कोण? चार वर्षांपूर्वी लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात जिनं स्वतःचा ए मायनर पियानो कॉन्सर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, वाजवला ती. वाद्यवृंद संगीतकार मेंडेल्सनच्या हाताखाली वाजत होता. त्यातला मधला भाग, रोमान्झ, मन लावून ऐक. सगळा वाद्यवृंद थांबतो आणि पियानो व एकटा चेलो एकमेकांशी बोलत राहतात. अगदी शेवटी टिंपनी, म्हणजे वाद्यवृंदातला नगारा, हलकेच घुमते. पुढच्या काळातल्या संगीतकार ब्राम्सनं आपल्या दुसऱ्या पियानो कॉन्सर्टोत चेलोला असा मान दिला, त्याला अजून पंचेचाळीसहून जास्त वर्षं होती! एवढं केलेल्या मुलीला आपल्याला जमत नाही असं का वाटावं?

मला वाटतं, तिच्या मनात लहानपणापासून दुसऱ्यांचेच आवाज फार होते. वडील फ्रीडरिश वीक पियानो शिकवायचे आणि विकायचेही. आईवडील वेगळे झाले तेव्हा ती लहान होती, आणि ती वडिलांकडे राहिली. तिची रोजनिशीसुद्धा सुरुवातीची कित्येक वर्षं तेच लिहीत, तेही ‘मी’ म्हणून, जणू क्लाराच बोलते आहे. हे वाचून आई म्हणून माझ्या अंगावर काटा आला. तिला घडवलं मात्र त्यांनीच: नवव्या वर्षी गेवांडहाउसचा मंच, अठराव्या वर्षी व्हिएन्नाच्या दरबाराचा किताब. पुढे संगीतकार रॉबर्ट शुमानशी लग्नाला त्यांनी इतका विरोध केला की प्रकरण कोर्टात गेलं. एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, १२ सप्टेंबर १८४० ला, ते लग्न झालं.

रॉबर्टनं तिला लिहायला सांगितलं, तिच्या रचना छापून याव्यात म्हणून धडपडही केली. पण तो रचना करत असला की घरात तिचा पियानो बंद. वर आठ बाळंतपणं. मुलं आणि सतत कल्पनेच्या राज्यात राहणारा नवरा असताना रचना होत नाही, तिच्या किती सुंदर कल्पना अशाच वाया जात असतील, अशी खंत त्यानंच दोघांच्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे.

अशा घरात, चौथं मूल काही महिन्यांचं असताना, १८४६ मध्ये तिनं पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तिघांसाठी जी मायनर ट्रिओ लिहिला. सई, ‘जमत नाही’ असं लिहिल्यानंतरचा आहे हा! त्याच्या शेवटच्या भागात एक फ्युगॅटो आहे, एकच सुरावट एकामागून एक आवाज उचलत जातात तसा. तरुण व्हायोलिनवादक योआखिमचा विश्वासच बसेना की इतकं भक्कम आणि गंभीर काम एका बाईचं आहे. मेंडेल्सन त्याला हसला होता. याच योआखिमसाठी पुढे तिनं व्हायोलिनचे तीन रोमान्स लिहिले. क्लाराला स्वतःला मात्र रॉबर्टच्या ट्रिओपुढे आपला हळवा आणि बायकी वाटला. तिचं हे मत मला मुळीच मान्य नाही.

१८५३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या नव्या घरात तिला कोणाला त्रास न होता वाजवता येईल अशी जागा मिळाली आणि त्या उन्हाळ्यात रचनांमागून रचना आल्या. पुढच्याच फेब्रुवारीत रॉबर्टनं ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण पुढची अडीच वर्षं तो एन्डेनिखच्या मनोरुग्णालयात होता. तिला त्याची भेट मिळाली ती त्याच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी, जुलै १८५६ मध्ये. पदरात हयात असलेली सात मुलं. ती दौऱ्यांवर निघाली, मैफलींच्या पैशांवर घर चालवलं, नंतर फ्रँकफर्टच्या कॉन्झर्वेटरीत शिकवलं, १८९१ पर्यंत लोकांसमोर वाजवत राहिली. रचना मात्र जवळजवळ थांबली. १८९६ मध्ये ती गेली.

तिनं चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही. सात लेकरांचं पोट भरणं हे रचनेपेक्षा कमी नाही. पण त्या चाळीस वर्षांत न लिहिल्या गेलेल्या संगीताचं मला फार वाईट वाटतं. तुझ्यावर तशी कुठलीच वेळ आलेली नाही. खोली तुझी आहे, वेळ आहे, आणि आम्ही दोघं खंबीर आहोत. मग हा निर्णय आत्ताच का?

ट्रिओचा तिसरा भाग आधी ऐक. पियानो एकटाच सुरुवात करतो, मग व्हायोलिन ती सुरावट उचलतं. चेलो तीच सुरावट कधी घेतो आणि तोवर मधे काय काय होऊन जातं, ते मला लिहून कळव. दिवाळीला येशील तेव्हा तुझ्या वहीतलं ते अर्धवट राहिलेलं घेऊन ये. जेवढं झालंय तेवढंच वाजव. बाबांनाही ऐकायचं आहे.

तुझी,
आई