गणपतीपुळ्याला निघताना तिथी बघा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

सुट्या लागल्या की सोलापुरातून गणपतीपुळ्याला गाड्या सुटतात, आणि बहुतेकांचा बेत एकच असतो. रात्री दहाला निघायचं, सकाळी दर्शन, दुपारी समुद्र, संध्याकाळी परत. जाऊन-येऊन साडेसातशे किलोमीटरच्या घरात जाणारा हा प्रवास एकच चालक दोन रात्री जागून करतो. त्याला सर्वांत जास्त झोप येते ती पहाटे, आणि नेमका तेव्हाच आंबा घाट लागतो. त्यापेक्षा पहाटे पाचला घर सोडावं. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा, साखरपा, पाली या रस्त्याने हातखंब्याला पोचलं की निवळी फाट्यावरून आत वळायचं. दुपारचं जेवण धरून तीन-चारपर्यंत पुळ्यात पोचता येतं. तिथे तीन रात्री मुक्काम ठेवला, तर आजूबाजूची छोटी गावं एकेका दिवसात आरामात बघून होतात आणि रोज सामान बांधायची कटकट राहत नाही.

पण यातलं कुठलं गाव कोणत्या दिवशी करायचं, हे तिथीवरून ठरवावं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हिशेब दोन्ही पक्षांना लागू आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी.

आता हे संकष्टीला लावून बघा. आपल्याकडचे लोक हमखास संकष्टी गाठून जातात, अंगारकी असेल तर विचारूच नका. रांगेतून सुटून, जेवून पाण्यात उतरेपर्यंत तीन वाजतात. म्हणजे भरती भरलेली असते आणि पाणी परतायला लागलेलं असतं. किनाऱ्यावर चढलेलं पाणी वाळूतल्या एखाद्या खोलगट वाटेने जोरात परत समुद्रात धावतं. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, त्यामुळे नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते आणि मुलं तिथेच नेली जातात. हिप्परग्याच्या तळ्यात नाहीतर शेतातल्या विहिरीत तयार झालेला पोहणाराही इथे फसतो, कारण तो सरळ किनाऱ्याकडे हात मारतो आणि पाच मिनिटांत दमतो. अशा ओढीत सापडलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहावं. ओढ अरुंद असते, बाजूला सरकलं की सुटते. पोहता येत नसेल, तर गुडघ्याच्या वर पाणी नको. जून ते सप्टेंबर तर पाय बुडवण्यापुरतंही पुढे जाऊ नये. स्थानिक जीवरक्षक शिट्टी वाजवतो तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालणारे आपल्याकडचे पाहुणे कमी नसतात, हेही लिहून ठेवतो.

उत्तरेकडच्या दिवसात मालगुंड, जयगड, हेदवी आणि वेळणेश्वर होतात. मालगुंड पुळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. केशवसुतांचा (जन्म १८६६) जन्म इथला. त्यांच्या घराच्या जागी स्मारक आहे, तासभर तरी द्यावा. तिथून वीसेक किलोमीटरवर जयगड. शास्त्री नदीच्या मुखावरच्या या किल्ल्यात सावली फार नाही, तेव्हा तो सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावर करावा. खाली धक्क्यावरून तवसाळला फेरीबोट जाते आणि गाडीही नेते. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो. सात माणसं आणि सामान भरलेल्या गाडीचा मागचा बंपर तिथे घासतो, म्हणून सगळ्यांना उतरवून मगच गाडी चढवायची. तिकिटाला सुटे पैसे रोख ठेवा, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे जातानाच विचारा. ती चुकली, तर चिपळूण-संगमेश्वरमार्गे चारेक तासांचा वळसा नशिबी येतो.

हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन होतंच, पण लोक मुद्दाम येतात ते बामणघळीसाठी. खडकातल्या अरुंद घळीत लाट शिरते आणि वर उसळते. हे फक्त भरतीला. ओहोटीला पोचलात तर नुसती फट दिसेल आणि ‘यासाठी एवढं आलो का’ हे ऐकावं लागेल. म्हणून ही फेरी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास लावावी : सकाळी आठला पुळं सोडलं आणि जयगड किल्ला परतीसाठी ठेवला, तर साडेदहा-अकरापर्यंत हेदवी गाठता येते आणि घळ ऐन भरात असते. खडक शेवाळलेला असतो, चप्पल सटकते. घळीच्या तोंडाशी फोटोसाठी उभं राहू नये. एक लाट लहान आली म्हणून पुढची तशीच येते असं नाही. अष्टमीच्या आसपास गेलात तर दुपारी बाराला पूर्ण ओहोटी असते, त्या दिवशी हेदवी सोडून रत्नागिरी करावी.

रत्नागिरीला आरे-वारेच्या किनारी रस्त्याने जावं, वळणावर गाडी थांबवू नये. थिबा राजवाडा सोमवारी बंद असतो, सहलीचा आराखडा करणारे हे हटकून विसरतात. १८८५ मध्ये पदच्युत झालेल्या ब्रह्मदेशाच्या राजासाठी इंग्रजांनी बांधलेला हा वाडा १९१० मध्ये पूर्ण झाला, आणि राजा १९१६ मध्ये इथेच वारला. टिळकांचं जन्मस्थान आणि १९३१ चं पतितपावन मंदिर गावातच आहे. वेळ उरला तर वीसेक किलोमीटरवर पावस.

जेवणाचं. छोट्या गावांत घरगुती खानावळीच जास्त, आणि त्या माणसं मोजून रांधतात. शाकाहारी किती, मासे खाणारे किती, हे सकाळीच फोनवर कळवलं नाही, तर दोन वाजता पंधरा माणसांना ताट मिळत नाही. मग तिथल्या लोकांना आळशी म्हणायचं, हा अन्याय आहे. घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेणाऱ्यांनी भाकरी कापडात न बांधता घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. तिथल्या दमट हवेत उघडी राहिलेली कडक भाकरी रात्रीत वातड होते. ऊन आपल्यापेक्षा कमी असूनही लोक थकतात ते याच दमटपणाने, घाम वाळतच नाही. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी गाडीत असू द्यावं.

आता विनंती. आपल्या दैनिकात पंचांग आणि सूर्योदय-सूर्यास्त रोज येतात. सुट्यांच्या काळात, निदान शुक्रवारच्या अंकात, त्याच चौकटीत रत्नागिरीच्या शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या नेमक्या वेळा दोन ओळींत द्याव्यात. पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे, छापलेली वेळ पक्की असेल. संकष्टी जोडून आली तर त्या दिवसाची वेळ ठळक टाइपात द्यावी, आणि शहरातल्या सहल कंपन्यांनीही ती आपल्या कार्यक्रमपत्रिकेत दर्शनाच्या वेळेशेजारी लिहावी.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर