गेमचा तिसरा भाग एकाच कन्सोलवर: करार किती महिन्यांचा, ते सांगा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: गेम मालिकेच्या नव्या भागाबाबत अपुरी माहिती देऊन आगाऊ नोंदणी घेतल्याबद्दल तक्रार

महोदय,

तुमच्या मालिकेचे पहिले दोन्ही भाग आमच्या घरी डिस्कवर आहेत, पूर्ण पैसे मोजून घेतलेले. दुसऱ्या भागाच्या शेवटी पूल कोसळतो, नायिका नदीत पडते आणि नावं वर सरकायला लागतात. पुढची गोष्ट तिसऱ्या भागात. तो येतोय, पण आमच्या कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर) नाही, दुसऱ्याच कंपनीच्या कन्सोलवर. आमच्या कन्सोलवर पुढे येणार का, असं विचारलं तर तुमच्याकडून उत्तर आलं की सध्या एवढीच घोषणा आहे. म्हणजे थांबायचं की नाद सोडायचा, काहीच कळेना.

कुठल्या कन्सोल कंपनीशी करार करायचा आणि गेम कुठं काढायचा हा तुमचा धंदा आहे, त्याला हरकत नाही. १९९७ मध्ये स्क्वेअर या गेम कंपनीने 'फायनल फँटसी ७' निन्टेंडोच्या कन्सोलऐवजी सोनीच्या प्लेस्टेशनवर काढला. निन्टेंडो ६४ या कन्सोलच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या डबीत, जास्तीत जास्त ६४ एमबी मावायचं आणि त्या गेमला तीन सीडी लागल्या, नेणार कुठं? 'बायोनेटा २' ला निन्टेंडोनं पैसा पुरवला, म्हणून २०१४ मध्ये तो फक्त निन्टेंडोच्या वी यू कन्सोलवर आला. पहिला भाग प्लेस्टेशन ३ किंवा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वर खेळलेले हात चोळत बसले, पण निदान कारण उघड होतं. मायक्रोसॉफ्टनं २०२१ मध्ये 'स्टारफील्ड' गेम बनवणाऱ्या बेथेस्डाची मूळ कंपनीच विकत घेतली, मग २०२३ मध्ये तो प्लेस्टेशनवर आला नाही यात नवल ते काय!

मला राग आहे तो लपवाछपवीचा. 'राइज ऑफ द टूम्ब रेडर' हा गेम फक्त एक्सबॉक्सवर येणार असं ऑगस्ट २०१४ मध्ये जाहीर झालं तेव्हा तो कायमचा एक्सबॉक्सचाच, असा सगळ्यांचा समज झाला. बोंबाबोंब झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या फिल स्पेन्सर यांनी सांगितलं की कराराला मुदत आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर, जानेवारी २०१६ मध्ये पीसीवर आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये तोच गेम प्लेस्टेशन ४ वर आला. मधल्या काळात केवळ त्या गेमपायी ज्यानं नवा कन्सोल घेतला असेल, त्यानं काय करावं?

पुण्या-मुंबईत कदाचित हा प्रश्न फार मोठा नसेल. आमच्याकडे पैसा येतो तो दिवाळीनंतर, कापूस विकल्यावर. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. नवा कन्सोल पन्नास हजारांच्या वर, म्हणजे सहा-सात क्विंटल कापूस गेला, तोही हमीभाव मिळाला तर. व्यापारी कापूस ओला आहे म्हणून भावात जे कापतो ते वेगळंच. वर्षभरानं गेम आमच्या कन्सोलवर येणार असेल तर मी खुशाल थांबतो, घाई कुणाला आहे? येणारच नसेल तर तेही सांगा, वेचणीच्या आधी.

म्हणून मागणी एवढीच: करार कायमचा की मुदतीचा, आणि मुदतीचा असेल तर किती महिन्यांचा, हे लेखी कळवा आणि नोंदणीच्या पानावर ठळक छापा. कराराची रक्कम सांगू नका, ती तुमची गोष्ट. शिवाय डिस्क निघणार की नाही तेही लिहा. गावात मोबाइलच्या नेटवर शंभर जीबीचा गेम उतरवायचा म्हणजे रोजचा दोन जीबी डेटा पुरवून पुरवून दोन महिने जातील, आणि मधेच लाइन गेली की कन्सोलही बंद.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि तिथंही भागलं नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

आपला,
एक ग्राहक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ता. क. उत्तर मराठीत किंवा हिंदीत चालेल. आपोआप येणारं 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' वालं मात्र पाठवू नका, ते आधीच आलेलं आहे.