ओळंबा पाठवतोय

नौपाडा, ठाणे
12 जानेवारी

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. तू स्वतः बांधलेलं विमान उडालं आणि सुखरूप उतरलं, एवढं वाचूनच मी स्वयंपाकघरात गेलो आणि हिला मोठ्याने वाचून दाखवलं. हिने लगेच देवापुढे साखर ठेवली. आठ वर्षं गॅरेजमध्ये काढलीस, सुट्ट्या त्यात घातल्यास, त्याचं चीज झालं. फोटो मी देव्हाऱ्याशेजारच्या कपाटाला चिकटवलाय. येणारा-जाणारा विचारतो, विमान कुणाचं? मी सांगतो, आमच्या आळीतल्या बंड्याचं.

दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका जागी अडकलो. तू लिहिलंयस, हात सोडले की डावा पंख हळूहळू खाली जातो, म्हणून डाव्या एलरॉनला, पंखाच्या मागच्या कडेच्या त्या हलत्या भागाला, पत्र्याची पट्टी लावून ती थोडी वर वाकवली आणि आता बरंच सरळ जातं. आणि त्याखाली जाता जाता एक ओळ आहे की बॉल, म्हणजे पॅनेलवरच्या वाकड्या नळीतली गोळी, जरा उजवीकडे असतो. ही ओळ पत्राच्या अगदी वर यायला हवी होती रे. ती पट्टी सरळ कर, किंवा काढूनच टाक, आणि पहिल्यापासून बघू.

संक्रांत दोन दिवसांवर आलीय म्हणून असेल, तुझा पतंग आठवला. एका अंगाला झुकला की तू दुसऱ्या कोपऱ्याला चिंधी बांधायचास. उडायचा, पण तलावपाळीकडून वारा वाढला की गिरक्या घेत खाली. मग माझे बाबा तो हातात घ्यायचे, कामटी दोन्ही बाजूंनी वाकवून बघायचे, जी बाजू कमी वाकते ती काचेच्या तुकड्याने खरवडायचे. चिंधी सोडून टाकायचे. तुझी पट्टी म्हणजे ती चिंधी आहे. कदाचित शेवटी ती लागेलही, पण आधी कामटी बघायला हवी.

बॉल उजवीकडे म्हणजे विमानाचं नाक डावीकडे वळलंय आणि वारा उजव्या गालावर येतोय. तुझ्या पंखांना डायहेड्रल आहे, टोकं मुळापेक्षा वर आहेत. अशा विमानाला एका बाजूने वारा लागला की त्या बाजूचा पंख उचलला जातो. उजवा उचलला म्हणजे डावा खाली. तेव्हा डाव्या पंखात काहीच खोट नसेल आणि सगळं शेपटीपाशी असेल, असंही होऊ शकतं. पट्टीने पंख वर राहिला, पण विमान अजून तिरकंच चाललंय आणि तिरकं चालताना वेग खातंय. म्हणून आधी नाक, मग पंख. हा क्रम उलटा केलास तर महिनाभर एकाचं दुसऱ्याला लावत बसशील.

पण नाकाच्याही आधी बॉल खरा आहे का ते बघ. हे मी पोळलेल्या हाताने सांगतोय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी फ्लाइंग क्लबाच्या हँगरमध्ये, विमानांच्या शेडमध्ये, एक पुष्पक आलं. पुष्पक तू लहानपणी पाहिलंयस, 1958 साली पहिल्यांदा उडालेलं, बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचं, वर पंख, खाली तिरके आधारदांडे, 90 अश्वशक्तीचं इंजिन. तुझ्या विमानाची मोठी बहीणच. तक्रार अशी की बॉल अर्धा बाहेर जातो. मी रडरची, म्हणजे उभ्या शेपटीच्या मागच्या हलत्या भागाची, पट्टी वाकवली. दुसऱ्या दिवशी अजून वाकवली. पायलट म्हणाला, बॉल मधे आला, पण विमान खेकड्यासारखं चाललंय. मग आमच्या थोरल्या मिस्त्रींनी काही न बोलता दोन्ही दारांच्या चौकटींवर फळी टाकली, तिच्यावर पाणसळ ठेवली, एका चाकाची थोडी हवा सोडून विमान आडवं लेव्हलमध्ये आणलं आणि मला म्हणाले, आता आत बघ. बॉल जमिनीवरच बाहेर होता. दुरुस्तीनंतर पॅनेल बसवताना ते कलतं बसलं होतं. दोन दिवस मी चांगलं विमान वाकडं करत होतो. त्या पायलटने ते उडवलं, याची टोचणी मला अजून आहे.

तेव्हा पहिला दिवस हँगरमध्ये, दार लावून, वारा नसताना. विमान लेव्हल कर, बॉल बघ. मग ओळंबा सोड. लोंबता राहिला तर पाण्याच्या बादलीत बुडव, लगेच थांबतो. दोन्ही पंखांवर सारख्याच अंतरावर एकेक बिंदू ठरव, त्यांचे ओळंबे जमिनीवर उतरव, शेपटीच्या खांबाचाही उतरव आणि तिथून दोन्ही कर्ण मोज. घराचा पाया आखताना गवंडी गुण्या बघतात तेच काम. कर्ण सारखे आले तर पंख मागेपुढे नाहीत. मग मागे लांब जाऊन उभा राहा आणि आडवी शेपटी पंखांना समांतर दिसते का बघ, उभी शेपटी ओळंब्यात आहे का बघ. डोळ्याला कमी लेखू नकोस.

पुढे पंखांचा कोन. लाकडाची एक फळी अशी काप की ती पंखाच्या खालच्या पृष्ठभागावर दर वेळी एकाच जागी, एकाच पद्धतीने बसेल. तिच्यावर डिजिटल लेव्हल ठेवून मुळापाशी आणि आधारदांड्यापाशी दोन्ही पंखांचे आकडे घे. मुळापेक्षा टोकाचा कोन कमी असायला हवा. हा पीळ मुद्दाम दिलेला असतो, म्हणजे स्टॉल होताना, पंखाची उचल सुटते तेव्हा, मुळाकडचा भाग आधी सोडतो आणि टोकाकडे एलरॉन धरून राहतो. आपल्याला हवी ती डावी-उजवीची बरोबरी. आणि फ्लॅप, उतरताना खाली करायची पंखामागची झडप. मागून काढलेल्या तुझ्या फोटोत उजवा फ्लॅप मला जरा खाली वाटला. फोटोचा भरवसा नाही, पण सरळ फूटपट्टी धरून बघ. थोडासा खाली राहिलेला फ्लॅपही त्या बाजूचा पंख उचलतो आणि तूही तेच सांगतोयस. स्टिक, हातातली दांडी, मधोमध धरून दोन्ही एलरॉन बरोबरीने आहेत ना, तेही बघून घे.

आता वजनाचं. तू एकटा उडतोस आणि डावीकडे बसतोस. तुझं वजन 80 किलो धर, मध्यरेषेपासून 30 सेंटिमीटर. पेट्रोल लिटरला साधारण 0.72 किलो, म्हणजे एका टाकीत 20 लिटर जास्त असेल तर 14 किलोच्या वर. ती टाकी मध्यापासून दीड मीटरवर असेल तर तिचा जोर जवळपास तुझ्या अख्ख्या वजनाएवढा झाला. डावीकडे तू आणि डावीच टाकी भरलेली, तर पंख खाली जाणारच, त्यात विमानाचा काय दोष? दोन्ही टाक्या सारख्या ठेव आणि उजव्या सीटवर वाळूची पिशवी बांध, अशी घट्ट की कुठल्याही कंट्रोलवर सरकणार नाही. तुझ्या गावाहून राइट बंधूंचं डेटन जवळ आहे, म्हणून सांगतो: त्यांच्या 1903 च्या विमानात इंजिन मधल्या रेषेच्या उजवीकडे होतं, ते डावीकडे झोपणाऱ्या पायलटपेक्षा जड, म्हणून त्यांनी उजवा पंख चार इंच लांब केला होता. कुठल्या बाजूला किती वजन आहे हे त्यांनी उडायच्या आधीच मोजलं होतं. मला हे फार आवडतं.

मग शांत हवेत, सकाळी, नेहमीच्या क्रूझच्या, म्हणजे सरळ प्रवासाच्या, वेगात. पंख हाताने समतल धर, पाय पेडलवरून काढ आणि बॉल बघ. उजवीकडेच असेल तर रडरच्या मागच्या कडेला डाव्या अंगाने लाकडाची छोटी पाचर टेपने चिकटव, जाड बाजू मागे. वारा तिला ढकलेल, रडर उजवीकडे जाईल. तासून तासून बॉल मधे आण आणि मगच तिच्या जागी कायमची पट्टी बसव. चाकांवरची आवरणंही त्याआधी बघ. एक जरी तिरकं बसलं असलं तरी ते रडरसारखं काम करतं. चढताना नाक डावीकडे ओढलं जाईल, ते प्रोपेलरचं आहे, त्याला पायच लावायचा. चढ आणि क्रूझ दोन्हीला पुरेल अशी पट्टी कुणाला जमलेली नाही.

बॉल मधे आल्यावरही डावा पंख खाली गेला तर तो पंखाचा प्रश्न. त्यातही एक परीक्षा आहे. हळू उडताना जास्त झुकतो आणि वेगात सावरतो, तर वजन बघ, कारण वजन तेवढंच राहतं आणि एलरॉनचा जोर वेगाबरोबर वाढतो. वेगात स्टिकवर जास्त ओढ लागते, तर आकार बघ. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो.

आकारात निघालं तर मागचा आधारदांडा. डावा मागचा दांडा आखूड केलास की पंखाची मागची कड खाली येते, कोन वाढतो, पंख जास्त उचलतो. एका वेळी फोर्कचा, दांड्याच्या टोकाच्या आटेवाल्या तुकड्याचा, अर्धा फेरा, जास्त नाही. शक्य तर डाव्याला अर्धा आखूड आणि उजव्याला अर्धा लांब, म्हणजे दोन्हींचा पीळ फारसा बदलत नाही. पिन काढण्याआधी पंखाखाली पक्का आधार दे आणि दुसरा माणूस जवळ ठेव. फोर्क आत किती आटे शिरलाय हे नकाशात दिलेल्या मर्यादेशी पडताळ. त्या बाबतीत अंदाज चालवायचा नाही. लॉकनट आवळून रंगाची खूण कर. आणि असा प्रत्येक बदल केल्यावर उंचीवर जाऊन स्टॉल कसा होतो ते बघ. दोन्ही पंखांत वेगवेगळा पीळ राहिला तर स्टॉलला एक पंख आधी पडतो, आणि धावपट्टीवर उतरताना तसं झालं तर सावरायला उंची नसते. इथे मला तुझी काळजी वाटते म्हणून दोनदा लिहितोय: उंचीवर, आणि प्रत्येक वेळी.

एका उड्डाणाला एकच बदल. वहीत तारीख, दोन्ही टाक्यांतलं पेट्रोल, वेग, बॉल कुठे, पंख कुठे, एवढं लिही आणि ते पान मला पाठव.

इकडे सगळं ठीक. संध्याकाळी अधूनमधून मुलाबरोबर ऐरोलीच्या पुलावर जातो, तिथून दक्षिणेला कोपरखैरणेच्या बाजूने खाडी ओलांडून मुंबईला उतरणारी विमानं दिसतात. मी अजूनही त्यांचे पंख बघतो. नवी मुंबईचा विमानतळही झाला, आकाशात आता दोन्हीकडे बघावं लागतं.

माझी भाची पुढच्या आठवड्यात कोलंबसला परत जातेय. तिच्याकडे तिळगुळाचा डबा देतोय आणि त्याखाली जाड कापडात गुंडाळलेला बाबांचा पितळी ओळंबा आहे. दोरी नवी घातलीय. टोकाला एक बारीक ठेच आहे, ती तुझ्याच हातून पडली होती, आमच्या माळ्याचं काम चालू होतं तेव्हा. टोक मात्र अजून मधोमध येतं, मी काल बघितलं. काम झाल्यावर परत पाठवू नकोस, हँगरमध्येच खिळ्याला लाव.

बॉल कुठे आला ते लगेच कळव.

तुझा,
दिन्या