राजीनाम्यावर सहीची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयटी कंपन्यांतल्या नोकरकपातीच्या बातम्या आपल्या दैनिकात वाचतो. भोसरीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांच्या हजेरीची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत, माझी सारी नोकरी गेली. काढलेला माणूस आणि राजीनामा दिलेला माणूस, या दोघांच्या हिशेबात किती फरक पडतो ते मी जवळून पाहिले आहे. म्हणून हे पत्र.

आमच्या सोसायटीतून हिंजवडीला जाणारी मुले सांगतात ते ऐकून संताप येतो. एचआर अचानक मीटिंगला बोलावते, लॅपटॉप जमा करायला सांगते आणि ‘आत्ताच राजीनामा मेल करा, नाहीतर टर्मिनेशनचा शिक्का बसेल’ असा दम देते. घराचे हप्ते चालू असलेला मुलगा घाबरून मेल करतो आणि कंपनी सुटते. कपात कंपनीने केली असती, तर वर्षभर काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागला असता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होते आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. राजीनामा दिल्यावर मात्र तो जबरदस्तीने घेतला, हे सिद्ध करत बसावे लागते.

‘आम्ही कुठे कामगार?’ असे ही मुले विचारतात. कायद्याच्या व्याख्येत अंगमेहनतीबरोबर तांत्रिक आणि कारकुनी कामही आहे. कार्डावर ‘मॅनेजर’ छापले असले, तरी माणूस प्रत्यक्षात काय काम करतो हे न्यायालय पाहते. ज्याच्या हाताखाली कोणी नाही आणि जो दिवसभर कोड लिहितो, त्याने आपण कायद्याबाहेर आहोत असे आधीच ठरवून टाकू नये.

तेव्हा त्या खोलीत सही करू नका. ‘विचार करून लेखी कळवतो’ एवढे म्हणा आणि बाहेर या. दबावाखाली राजीनामा गेलाच असेल, तर लगेच स्वतःच्या मेलवरून तसे कंपनीला कळवा. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, मूल्यमापनाची पत्रे आधीपासून घरी असू द्या, कारण कंपनीचा मेल बंद झाला की हाती काही उरत नाही. कंपनीच्या कामाची माहिती मात्र सोबत घेऊ नका, ते उलटते.

राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी बुडते, हेही खोटे. सलग पाच वर्षे सेवा झाली असेल, तर राजीनाम्यानंतरही ती मिळते. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत नव्या संहितेनुसार एक वर्षही पुरते. नोकरी सुटल्यावर थकलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. ‘फुल अँड फायनल’साठी, म्हणजे शेवटच्या हिशेबासाठी, महिनोन्‌महिने ताटकळत ठेवता येत नाही.

चाकणच्या ठेकेदारी कामगारांचे हाल याहून मोठे आहेत. ठेकेदाराने पगार थकवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे तिथल्या पोरांना कोणी सांगतच नाही.

तक्रार करायला वाकडेवाडीला कामगार आयुक्तालयाचे कार्यालय आहे, पण हिंजवडीतला मुलगा तिथवर पोहोचत नाही. कामगार विभागाने महिन्यातून एक दिवस हिंजवडीत आणि एक दिवस चाकणला अधिकारी बसवावा. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही कॅम्पस मुलाखतींच्या आधी नेमणूकपत्र कसे वाचावे, यावर एक तास तरी ठेवावा.

– एक निवृत्त टाइम ऑफिस कारकून, चिंचवड